मामा, ताई आणि एफ कॉर्ड

मिरा रोडच्या शांतीनगरात संध्याकाळी आठच्या सुमारास जिना चढत गेलात तर कुठल्या ना कुठल्या मजल्यावर गिटार ऐकू येतेच. बहुधा तेच गाणं, त्याच ओळीवर तीच अडखळ. सहा-आठ महिन्यांनी तो आवाज थांबतो. गिटार कव्हरात जाते, कव्हर कपाटावर जातं आणि खाली उतरतं ते एकदम घर बदलताना. शिकायला बसणारे इतके आणि टिकणारे इतके थोडे, असं का, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. एक माझी ताई, दुसरा आमचा मामा.

ताई अंधेरीला नोकरी करते. तिशी उलटल्यावर तिने गिटार हातात घेतली आणि आता ती ट्रिनिटी कॉलेजच्या गिटारच्या ग्रेड परीक्षा देते आहे. मामा भाईंदर पूर्वेला, नवघर रोडला राहतो. मूळचा गिरगावचा. तरुणपणी तो हवाइयन गिटार वाजवायचा, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी दांडी सरकवत वाजवायची ती. भाईंदरला बिऱ्हाड केल्यावर लोकलच्या भजनी मंडळात शिरला तो निवृत्त होईपर्यंत. पेटी तिथल्याच एकाकडून उचलली. परीक्षा एकही दिलेली नाही, हे तो न विचारता सांगतो.

दोघांचं जुंपतं रविवारी, मामीचे पोहे झाल्यावर. पुढे दिलंय ते एकाच रविवारचं नाही, बऱ्याच रविवारांतलं निवडून आहे. मामाच्या शिव्या तेवढ्या गाळल्यात.

मामा : बाय, मघापासून तू जीवरून सीवर जातेस आणि सीवरून जीवर येतेस. वर ती मोबाइलची टिकटिक. गाणं कुठाय?

ताई : गाणं तिथेच अडतं, म्हणून तिथेच बसलेय. बाकीचं मला येतं. येतं ते पुन्हा पुन्हा वाजवण्यात मजा असते मामा, सुधारणा नसते.

मामा : आणि मजाच नसेल तर माणूस उद्या बसेल कशाला?

ताई : मी बसते ना.

मामा : तू बसतेस, तू हट्टी आहेस. तुझ्या बिल्डिंगमध्ये कपाटावर चढलेल्या गिटारी बघ. त्या पोरांना कुणीतरी पहिल्या दिवसापासून टिकटिक लावून दिली असणार.

ताई : उलट! त्यांना पहिल्या दिवशी गाणं दिलं होतं. ‘आठ दिवसांत पहिलं गाणं’ अशी पाटीच असते क्लासबाहेर. पोरगं खूश, आईबाप खूश. चार कॉर्ड्सवर ढीगभर गाणी निघतात. मग पाचवी कॉर्ड येते, ती काही आठ दिवसांत बसत नाही, आणि पोराला वाटतं आपल्यात काहीतरी कमी आहे. शिवाय माझा वेळ बघ. सकाळी साडेसातची गाडी, घरी यायला साडेआठ. मग जेवणखाण. दहानंतर हात लावला की खालच्या काकूंचा फोन. राहतो जेमतेम अर्धा तास. त्यात येतं तेच वाजवत बसले तर जन्मभर तेवढंच येईल.

मामा : अर्धा तास कमी पडतो, कारण तू तो घरी शोधतेस. मला रोज जाता-येता दोन तास मिळायचे. सेकंड क्लासचा डबा, ठरलेली खिडकी. पखवाज कुठला, डब्याचा पत्रा. टाळ दोन जोड्या. मला सुरुवातीला कुणी टाळसुद्धा हातात दिला नाही. टाळ्या वाजव म्हणाले. कितीतरी दिवस मी नुसत्या टाळ्या वाजवत ठेका ऐकला. मग एक जण बोरिवलीला उतरला तो बदली होऊन गेलाच, त्याचा टाळ माझ्याकडे आला. चुकलं तर थांबायचं नाही, गाडी थांबते का? सम हुकली तर पुढच्या समेवर भेटायचं. हे तुझ्या टिकटिकीत कोण शिकवतं?

ताई : आणि बाजूला बसलेल्या बाईला झोपायचं असलं तर?

मामा : ती शिव्या द्यायची. त्याही तालात द्यायची.

इथे ताईने तिचा आवडता दाखला काढला. 1993 साली अँडर्स एरिक्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना शिक्षकांनी सर्वांत वरचं मानलं होतं, त्यांनी वयाच्या अठरापर्यंत एकट्याने बसून केलेला रियाज सरासरी 7410 तास भरला. त्याखालच्यांचा 5301. पुढे शाळेत संगीत शिकवणार होते त्यांचा 3420.

ताई : आणि ऐक, हे सगळेच दिवसभर संगीतात बुडालेले होते. सगळे वाद्यवृंदात वाजवत होते, मैफिली ऐकत होते. तुझी ती सोबत-संगत सगळ्यांकडे होती. फरक दिसला तो एकट्याने बसलेल्या तासांत.

मामा : दहा हजार तास म्हणतात ते हेच का?

ताई : तो आकडा माल्कम ग्लॅडवेलच्या 2008च्या पुस्तकाने गावभर केला. वरच्या गटाची विसाव्या वर्षापर्यंतची ती सरासरी होती, एवढे तास भरले की झालात वस्ताद असा नियम नव्हता. एरिक्सनचं म्हणणं तासांच्या बेरजेपेक्षा तासात काय करता याबद्दल होतं. जे जमत नाही नेमकं तेच पुढ्यात घ्यायचं, चूक लगेच कळली पाहिजे, आणि ती सुधारायचीच.

आता मी तोंड घातलं. 2014 मध्ये ब्रुक मॅकनमारा आणि तिच्या सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली, त्यात संगीतापुरता निष्कर्ष असा निघाला की माणसामाणसांच्या वादनातल्या फरकापैकी सुमारे 21 टक्के फरकाचा उलगडा अशा रियाजाने होतो.

मामा : एकवीस? मग उरलेले एकोणऐंशी कुणाचे? माझे!

ताई : तशी वाटणी होत नाही रे. तो आकडा दोन माणसांमधल्या फरकाचा आहे. मी कालच्यापेक्षा आज बरी वाजवते का, याचं उत्तर त्यात नाही.

मामा : एकोणऐंशी म्हणजे कमी नाही हो.

तो आकडा मामा आता कुठेही वापरतो. भाजीवाल्याशीसुद्धा.

खरी लढाई मात्र एफची. न वाजवणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. जी, सी, डी, ई मायनर या सुरुवातीच्या कॉर्ड्समध्ये काही तारा मोकळ्या सुटतात, बोटं दोन-तीन तारांवरच दाबायची. एफ पूर्ण वाजवायची तर तर्जनी पहिल्या घरात आडवी टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या, आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढची दोन घरं सांभाळायची. नवख्याच्या हातून दोन तारा वाजतात, दोन खरखरतात, दोन मुक्या राहतात. अंगठ्याखालचा मांसल भाग भरून येतो. गिटार कपाटावर जाते ती साधारण याच आठवड्यात.

मामा : आणि म्हणून जगात कॅपो नावाचा, सहाही तारा एकदम दाबणारा चिमटा आहे. पाचव्या घरात कॅपो चिमटायचा, जीच्या कॉर्ड्स धरायच्या, ऐकणाऱ्याला सीच ऐकू येतं. एफच्या जागी साधी सी धरायची. संपली कटकट. लोक नाचतात, कुणी येऊन तुझी तर्जनी बघत नाही.

ताई : खर्जाचा भरीवपणा गेला त्याचं काय? पाचव्या घराच्या वर गिटार सगळी बारीक आवाजात बोलते. आणि गाण्याने मध्येच सूर बदलला तर? थांबा हो, कॅपो हलवतो, म्हणू?

मामा : किती गाणी सूर बदलतात?

ताई : किती बदलतात हा मुद्दाच नाही. एक जागा टाळायची सवय लागली की दुसरी टाळता येते, मग तिसरी. शेवटी वाजवायला उरतं ते टाळून-टाळून राहिलेलं. आणि एफ काही राक्षस नाही. आकार पहिल्या घरात शिकायचाच नाही मुळी. आधी पाचव्या घरात धर. तिथे घरं अरुंद आहेत, तारा दबायला हलक्या लागतात. स्वच्छ वाजलं की चौथ्यात ये, तिसऱ्यात ये, असं उतरत पहिल्यापर्यंत. तर्जनी सपाट टाकायची नाही, किंचित अंगठ्याकडच्या कडेवर कलवायची, तिथलं हाड कडक असतं. आणि अंगठ्याने चिमटा काढून जोर लावायचा नाही, दंडाच्या वजनाने मागे ओढायचं.

मामा : हे कुणी शिकवलं तुला?

ताई : गिटारच्या बाईंनी. पण त्याआधी त्यांनी गिटार बघितली. मान डोळ्यांसमोर धरून बाणासारखी निरखली आणि म्हणाल्या, हिच्यावर मीसुद्धा एफ वाजवणार नाही.

हा भाग मी स्वतः पाहिला आहे, म्हणून जरा सविस्तर. ताईने ऑनलाइन मागवलेली स्वस्तातली गिटार होती. बाराव्या घरावर जाड तार पट्टीपासून चांगली चार मिलिमीटर वर तरंगत होती. मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून खाली येतात त्या नटच्या खाचा नीट कोरलेल्याच नव्हत्या, त्यामुळे पहिल्या घरात तार दाबायला सर्वांत जास्त जोर लागायचा, आणि एफ नेमकी तिथेच. दुरुस्तीवाल्याने आधी मानेतला ट्रस रॉड छोट्या षटकोनी किल्लीने पाव फेरी फिरवला, पुन्हा सूर लावून बघितलं, पुन्हा थोडा. मग बारीक कानशीने एकेक खाच दोन-तीनदा घासली. दर वेळी तार खाचेत बसवून पहिल्या घरापाशी बोट टेकवून पाहायचा. शेवटी खाली तारा ज्यावर टेकतात ते हाड उपसून त्याचा तळ घासला. बाराव्या घरावरची उंची अडीच मिलिमीटरवर आली. त्या रात्री एफ वाजली. बोटं तीच होती.

मामा : मग हे आधी सांग ना सगळ्यांना. रियाजाचे डोस कसले पाजतेस? वाद्य बघा म्हणावं आधी.

ताई : ते मी कबूल करते. आणि भाईंदरला तर जास्तच. खाडी बाजूला, मिठागरं बाजूला, चार महिने पाऊस. तारा गंजतात, लाकूड फुगतं, मान हलते. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या, एवढंही कुणी करत नाही.

मामा : पेटीतलासुद्धा एखादा सूर पावसाळ्यात बोलेनासा होतो. ही हवाच तशी. माझ्या हवाइयनच्या तारा बघ, चहा प्यालेल्या दिसतात.

दोघांचं एकमत झालेली ही एकच बाब. लगेच पुढच्या वाक्याला फाटलं. ताईने ट्यूनर लावून सहाही तारा मिळवल्या, पडद्यावर हिरवा दिवा लागला, तिने सी वाजवली, आणि मामाने तोंड वाकडं केलं.

मामा : गंधार चढा आहे.

ताई : ट्यूनर बरोबर दाखवतोय.

मामा : ट्यूनरला कान आहेत का? गंधार चढा आहे.

मामाचं खरं आहे आणि ट्यूनरचंही. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग करून ठोकलेले असतात. प्रत्येक भागाचे शंभर सेंट धरले तर पडद्यावरचा गंधार षड्जापासून 400 सेंटवर येतो. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येतो तो गंधार 386च्या आसपास. चौदा सेंटचा फरक, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्शाएवढा. बहुतेकांना तो जाणवत नाही. मामाला जाणवतो.

ताई : पण तुझ्या पेटीचा गंधारही तेवढाच चढा आहे की! आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीला बंदी केली होती, ती 1971 पर्यंत सुटली नाही. सूर नीट नाही हीच तर तक्रार होती.

मामा : पेटी चढी आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून मी गळ्याने खाली ओढतो. आणि हवाइयनला पडदेच नाहीत. दांडी हवी तिथे थांबवायची. ब्रिजभूषण काबरांची गिटार ऐक, 1967ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’. शिवकुमारांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी आणि काबरांची गिटार. अली अकबर खाँसाहेबांकडे शिकलेला माणूस. गिटारमधून मींड निघते ती अशी. आमच्या वेळी गिरगावात गिटार म्हटली की आधी हीच. व्हॅन शिप्ली, हजारा सिंग यांच्या रेकॉर्डी, सिनेमाची गाणी नुसती वाद्यावर. ऐकून ऐकून बसवायची. तबकडी परत परत लावून सुई बोथट व्हायची.

ताई : म्हणजे तूही एकच तुकडा पन्नासदा ऐकत होतास!

मामा : ऐकत होतो. तू पन्नासदा वाजवतेस. आधी कानात यायला पाहिजे, मग बोटात.

मामाचं हे वाक्य मला भांडणातलं सर्वांत वजनदार वाटतं, आणि ताईने त्याला बगल दिली. ती सिनेमाच्या वादकांकडे वळली.

ताई : मुंबईच्या ज्या स्टुडिओंचं तू कौतुक करतोस ते कागदावर चालायचे. सबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही गोव्याची मंडळी नोटेशन लिहायची आणि समोरचे वाचून वाजवायचे. प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते गोन्साल्विसांकडे. प्यारेलालांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा ट्रंपेट वाजवायचे, त्यांनी पोरांना नोटेशनवर घासून घेतलं. त्यातलाच एक गोरख शर्मा. 1980च्या ‘कर्ज’मधला तो गिटारचा तुकडा तुला आजही येतो, तो त्याच्या हातचा.

मामा : आणि 1971च्या ‘दम मारो दम’ची गिटार कुणाची? भूपिंदरची. गाणारा माणूस! गळ्यातून सूर आला की हाताला कागद लागत नाही.

ताई : त्यालाही वडिलांनी बसवूनच शिकवलं होतं.

मामा : गाणं शिकवलं होतं, बाय. तेच म्हणतोय मी. बरं, तुझ्या परीक्षेत कानाला किती मार्क?

ताई : शंभरात तीन गाण्यांचे सहासष्ट, तांत्रिक भागाचे चौदा, आणि दोन पूरक चाचण्या दहा-दहाच्या. पाचव्या ग्रेडपर्यंत त्या दोन चारांतून निवडता येतात. कानाची चाचणी त्यातली एक.

मामा : म्हणजे कान घेतलाच नाही तरी पास?

ताई : साठ मिळाले की पास.

मामा : (माझ्याकडे बघत) ऐकलंस?

ताई : परीक्षा म्हणून नावं ठेवू नकोस. पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते अभ्यासक्रम आखूनच. नाहीतर उस्तादाची मर्जी होईपर्यंत बस हुक्का भरत. माझ्यासारखीला कोण घेणार होतं गंडा बांधून? परीक्षेचा मला एवढाच उपयोग आहे की तारीख येते. तारीख नसती तर मी अजून सीवरून जीवर येत असते.

शब्दाने शब्द वाढत गेला तेव्हा दोघांनी एकमेकांची परीक्षाच घेतली. आधी मामाची पाळी. ताईने मोबाइलवर आवाज टिपायला लावला आणि मामाला पेटीवर एक गजर म्हणायला सांगितलं. मामाने डोळे मिटले, मामीने स्वयंपाकघरातून टाळ्या धरल्या, मीही धरल्या. छान झालं. मग ताईने ते टिपलेलं लावलं आणि शेजारी टिकटिक चालू केली. सुरुवात मिनिटाला चौऱ्याऐंशी ठोक्यांवर होती. शेवट झाला तेव्हा एकशे बारा. शिवाय मधल्या दोन ओळींत मामाने क्रम चुकवून पुढचं कडवं आधी घेतलं होतं. ते म्हणताना आमच्यापैकी कुणालाच कळलं नव्हतं.

मामा : चढली लय. चढणारच. तुम्ही सगळे माझ्याबरोबर चढलात ना? कुणी मागे राहिलं का?

ताई : पण तुला कळलं होतं का चढतेय ते?

मामा गप्प बसला नाही. तो कधीच बसत नाही. पण त्याने ते टिपलेलं पुन्हा एकदा लावायला सांगितलं, आणि मधल्या दोन ओळी तिसऱ्यांदा. मग म्हणाला, आता तू. त्याने एक अभंग उचलला, ताईला म्हणाला, ये बरोबर. ताईने विचारलं, कुठला सूर? मामा गातच राहिला. ताईने तार छेडून शोधलं, एक कॉर्ड लागली, दुसरी चुकली, ती थांबली, परत पहिल्यापासून शोधायला लागली. तोवर मामा दुसऱ्या कडव्यात होता. ताईचे कान लाल. तिसऱ्या कडव्याला तिला दोन कॉर्ड्स सापडल्या आणि तिसरीसाठी हात थांबला तो थांबलाच. एकटी असताना हीच बाई याहून कितीतरी अवघड तुकडे टिकटिकीवर बिनचूक वाजवते.

माझं मत विचाराल तर दोघंही आपापल्या आवडीच्या जागी लपलेली आहेत. मामा घोळक्यात लपतो. तिथे स्वतःची चूक ऐकू येत नाही, पाच माणसांच्या टाळ्यांत ती बुडून जाते. ताई खोलीचं दार लावून लपते, कारण तिथे चूक झाली तरी ऐकणारी ती एकटीच असते आणि थांबायची मुभा असते. तिची रियाजाची वही पाहिली तर सुधारणा चढती दिसेल, पण दुसऱ्या माणसाच्या लयीत शिरायचा सराव त्या वहीत एका ओळीचाही नाही. मामाला माणसांत वाजवायचा सराव आयुष्यभराचा आहे, तरी तो पंचवीस वर्षांपूर्वी होता तिथेच आहे. तो म्हणेल, मला कुठे जायचं होतं? त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

उत्तनचा विषय मामानेच काढला. उत्तन, डोंगरी, चौक ही कोळी-ख्रिस्ती गावं मिरा-भाईंदर महापालिकेतच मोडतात, पण शांतीनगरच्या माणसाला तिकडे समुद्र आणि मासळी यापलीकडे काही आठवत नाही. गिटार तिकडे आपल्या टॉवरांच्या आधीपासून आहे. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर, म्हणजे 1962 ते 65 नंतर, लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत मिस्सा होऊ लागली, गाणी मराठीत आली आणि ऑर्गनच्या जोडीला गिटारही देवळात शिरली. मामाचा गाडीतला एक जुना दोस्त तिकडचा.

मामा : त्याच्या पोराला दर रविवारी वाजवायचंच असतं. आलं, नाही आलं, आठची मिस्सा आठला सुरू होते. तीन कॉर्ड्सवर उभं केलं त्याला, आज अख्खा कॉयर धरून ठेवतो.

ताई : त्या कॉयरची शुक्रवारी प्रॅक्टिस असते ना?

मामा : असते.

ताई : आणि जमलं नाही ते घरी बसवून आणतो ना?

मामा : आणत असेल.

ताई : मग तो माझ्याच बाजूचा झाला.

मामा : रविवारी आठ वाजता तो माझ्या बाजूचा असतो.

यावर मामी म्हणाली, त्या पोराला विचारा की एकदा. कुणी विचारलेलं नाही.

सध्या भांडण गणपतीवर येऊन ठेपलंय. मामाच्या सोसायटीत आरत्यांना पेटी आणि झांजा असतात, यंदा ताईने गिटार घेऊन बसावं असा मामाचा आग्रह. ताई म्हणाली, सूर आधी सांग. मामा म्हणाला, काळी दोन, पण बायका वर गेल्या तर बघू. ताईने क्षणभर बोटं मोजली आणि म्हणाली, ठीक आहे, पहिल्या घरात कॅपो लावून डीच्या कॉर्ड्स.

मामा : कॅपो? तू?

ताई : काळी दोन पट्टी आहे ती, मामा. तिथे मोकळ्या तारांच्या सोप्या कॉर्ड्स मिळत नाहीत. ही पळवाट नाही, हा हिशोब आहे.

मामा : अस्सं.

ताई : आणि आरत्या मी आधी टिपून नेणार, घरी बसवणार. लय शेवटी चढते तेही बसवणार. कुठल्या कडव्याला किती चढते ते सांग.

मामा : ते कोण सांगणार? झांजवाल्याच्या अंगात येईल तितकी.

ताई : मग झांजा दोनच जोड्या, आणि त्या बी विंगच्या पोरांच्या हातात द्यायच्या नाहीत.

मामाने ही अट अजून मान्य केलेली नाही. बी विंगची पोरं वर्गणी सगळ्यात जास्त जमवतात.